कारागिराची पाठ

इंदूरच्या राजवाड्यानजीकचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच रस्त्यावर जिलबीच्या कढया तापू लागतात. या बाजारात घडणाऱ्या दागिन्याची एक किंमत मात्र तराजूत कधीच तोलली जात नाही. ती कारागिराची पाठ मोजीत असते. मांडी घालून, मान लववून, हातोडी व चिमटा घेऊन वर्षानुवर्षे बसणाऱ्याची कंबर एखाद्या दिवशी धरते आणि कळ मांडीतून पोटरीत उतरते. ‘चकती सरकली’ एवढे शब्द कानी पडताच आपला धंदा बुडाला, असे त्याला वाटू लागते. हे भय कितपत खरे, याचे उत्तर या दुखण्याच्या इतिहासातच सापडते.

दुखणे जुनेच आहे. नितंबापासून निघून कंबर, मांडी, गुडघा व पावलापर्यंत जाणाऱ्या वेदनेला चरकसंहितेत ‘गृध्रसी’ म्हटले असून तिची गणना वातविकारांत केली आहे. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला व बसून काम करणाऱ्या शिंपी-चांभारांची पाठ कशी वाकते, हे नोंदविले. नेपल्सच्या कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये पायातील ही कळ नसेची आहे, असे प्रतिपादन केले. परंतु ती नस कशाने दाबली जाते, हे कोडे सुटावयाचे होते.

ते १९३४ साली सुटले. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. तिचे कडे चिवट व गाभा मऊ असतो. कडे फाटले तर गाभा बाहेर येऊन नसेवर दाब देतो. शस्त्रक्रियेत अशा गाठी पूर्वीही आढळत. पण त्या कूर्चेचे अर्बुद समजल्या जात. त्या बहुधा फाटलेल्या चकतीचेच भाग असतात, हे बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी दाखवून दिले.

शोध मोठा होता. पण त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पाठदुखीचा दोष चकतीच्या माथी मारला जाऊ लागला. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला सर्रास मिळे. १९८६ साली अमेरिकेत दोन दिवसांची व सात दिवसांची विश्रांती ताडून पाहण्यात आली. दोन्ही गटांना आराम सारखाच पडला. मात्र दोनच दिवस विश्रांती सांगितलेल्यांचे कामाचे खाडे कमी झाले. १९९४ साली पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या मणक्यांची एमआरआय चित्रे तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिकांत फुगलेली चकती दिसली. म्हणजे चित्रात दिसणारा प्रत्येक फुगवटा वेदनेचे कारण असतोच असे नाही. शिवाय बाहेर आलेला गाभा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो व कळ ओसरते.

प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. भोवतालच्या भागातून झिरपणाऱ्या रसावर तिचे पोषण होते आणि हालचाल त्यास साह्यभूत ठरते. म्हणून जुनाट पाठदुखीत चालणे, पाठीपोटाचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि झेपेल तेवढे नित्याचे काम यांनाच आज प्राधान्य दिले जाते. औषध व शेक हे तात्पुरते आधार होत. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. मात्र लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला, जांघेत बधिरता आली किंवा पायातील बळ कमी होत चालले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप येत असल्यासही डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

सराफ्यातील कारागिराला गादी सोडण्याची बहुधा गरज नसते. गादीवरून वरचेवर उठण्याची असते. कामाची पाटी थोडी उंच घ्यावी, बैठक मधूनमधून बदलावी आणि अर्ध्या-एक तासाने चार पावले टाकून यावे. ज्या दुखण्याने एकेकाळी माणसाला अंथरुणाला खिळविले, त्यावरील मुख्य उपाय आज उठून चालणे हाच ठरला आहे. आणि हे ठाऊक नसल्यामुळे एखाद्या कसबी हाताने हातोडी कायमची खाली ठेवावी, यापरते दुर्दैव नाही.