उशींतली पोथी आणि बेडींतला बाप

मंडाले हें नांव उच्चारलें कीं महाराष्ट्रीय वाचकांच्या डोळ्यांपुढें लोकमान्यांचा १९०८ ते १९१४ सालांतील कारावास उभा राहतो. तें शहर वसण्याच्या तीस-बत्तीस वर्षें आधीं त्याच परिसरांत एक अमेरिकन पंडित पायांत बेड्या घेऊन दिवस कंठीत होता, आणि त्याच्या हातांत स्वतःची तान्ही मुलगी होती. धर्मप्रसाराविषयीं आपलें मत कांहींहि असो, या माणसाची हकीकत एकदां तरी ऐकण्यासारखी आहे.

ॲडोनिराम जडसन हा १८१३ सालीं पत्नी ॲन हिच्यासह रंगून येथें उतरला. ब्रह्मी भाषेंत बायबल आणावें हा त्याचा ध्यास होता. १८२४ सालीं इंग्रजांचें व ब्रह्मी राजाचें युद्ध जुंपलें तेव्हां तीं उभयतां आवा या राजधानींत होतीं. जडसन इंग्रज नव्हता. परंतु त्याचा पैसा एका इंग्रज व्यापाऱ्याच्या हस्तें येई, एवढें त्याला हेर ठरविण्यास पुरेसें झालें. ८ जून रोजीं ऐन जेवणाच्या वेळीं त्याला दोरीनें जखडून नेलें.

तुरुंगांत बेड्यांचे तीन जोड पायांत पडले. रात्र झाली कीं कैद्यांच्या पायांमधून एक लांब वेळू घालून तो वर ओढीत. जमिनीला टेकावयाचे ते खांदे व डोकें. अन्न ज्याचें त्यानें बाहेरून आणवावयाचें. ॲन कोसभर चालत येई, अधिकाऱ्यांच्या विनवण्या करी, नजराणे देई. नव्या कराराच्या भाषांतराचें हस्तलिखित प्रथम तिनें घराखालीं पुरून ठेविलें होतें. पावसाळ्यांत तें कुजेल या भीतीनें तिनें तें एका उशींत शिवलें. उशी मुद्दाम इतकी कठीण व ओबडधोबड केली कीं पहारेकऱ्यासहि तिचा मोह पडूं नये. पुढें कैद्यांना हलविलें तेव्हां ती फेंकून दिली गेली. माउंग इंग नांवाच्या एका शिष्यानें गुरूची आठवण म्हणून तो कापसाचा गोळा घरीं नेला, आणि कित्येक महिन्यांनीं त्यांतून हस्तलिखित निघालें!

२६ जानेवारी १८२५ रोजीं मरायाचा जन्म झाला. मुलगी वीस दिवसांची असतांना जडसनने कारागृहांत तिला उद्देशून कविता रचली. मे महिन्यांत कैद्यांना भर उन्हांत अनवाणी चालवीत औंगपिनले या खेड्यांत नेलें. ॲन मुलीला घेऊन मागोमाग गेली व तुरुंगाच्या रखवालदाराकडे धान्याच्या खोलींत राहिली. तेथें मुलीला देवी आल्या; पाठोपाठ ॲन आजारी पडली व तिचें दूध आटलें. दाई मिळेना. शेवटीं पहारेकऱ्यांना कांहीं देऊन तिनें पतीला बाहेर सोडविलें. मग पोर उराशीं धरून हा ग्रीक-हिब्रूचा पंडित गांवांत फिरूं लागला, आणि लेंकुरवाळ्या बायांपुढें मूल धरून दुधाची भीक मागूं लागला. त्या बायांनीं मुलीला पाजलें. ज्या धर्मापासून त्यांना वळविण्यासाठीं तो समुद्र ओलांडून आला होता, त्याच धर्मांत वाढलेल्या त्या बाया. आणि मूल परक्याचें, राजाच्या कैद्याचें. चरित्रकारांनीं त्यांचीं नांवें दिलेलीं नाहींत. उशीची गोष्ट मात्र सर्वजण रंगवून सांगतात. मला तर त्या दोन वर्षांत याहून मोठें कांहीं घडलें असें वाटत नाहीं.

नोव्हेंबरांत दरबाराला दुभाष्याची गरज पडली व जडसनची बेडी निघाली. तहाच्या कामावरून तो घरीं परतला तेव्हां दारांत एक ब्रह्मी बाई शेगडीपाशीं बसलेली दिसली. तिच्या मांडीवर एक मळकट, सुकलेलें पोर होतें. तें आपलें असेल असें त्याच्या मनांतहि आलें नाहीं. तो तसाच आंत गेला. आंत मुंडलेल्या मस्तकाची ॲन अंथरुणाला खिळली होती.

फेब्रुवारी १८२६ मध्यें यांदाबोचा तह झाला. २४ ऑक्टोबरला, पति दूर असतांना, ॲन वारली. २४ एप्रिल १८२७ रोजीं मुलगीहि गेली. जी श्रद्धा तुरुंगांत ढळली नव्हती ती सुटकेनंतर डळमळली. जडसन रानांत झोंपडी करून राहिला, स्वतःसाठीं खड्डा खणून त्याच्या कांठीं बसूं लागला. ॲनच्या मृत्यूस तीन वर्षें झालीं त्या दिवशीं त्यानें लिहिलें तें अशा अर्थाचें कीं, देवावर माझा विश्वास आहे, पण तो मला सांपडत नाहीं.

तरीहि लेखणी खालीं ठेविली नाहीं. ३१ जानेवारी १८३४ रोजीं त्यानें संपूर्ण बायबलाचें ब्रह्मी भाषांतर पुरें केलें.