'आय ॲम इन चुडावा ओन्ली' : आपला 'च' इंग्रजीत कसा म्हणायचा?

'कुठंयस?' या मेसेजला 'आय ॲम इन चुडावा ओन्ली' असं उत्तर आपल्याकडे सर्रास जातं. पूर्णा-नांदेड मार्गावरच्या चुडाव्यातून जातं, तसं पुण्यातूनही जातं. वाचणाऱ्यालाही कळतं की, हा चुडाव्यातच आहे. पण ऑनलाइन मुलाखत घेणारा लंडनचा असेल, तर तो 'फक्त चुडाव्यात' असं वाचेल आणि याला आणखी कुठे असायचं होतं, या विचारात पडेल.

घोळ 'च'चा आहे. मराठीत हा एक प्रत्यय दोन कामं करतो, 'फक्त' सांगणं आणि जोर देणं. हिंदीतल्या 'ही'चंही तसंच. इंग्रजीतला 'ओन्ली' मात्र मुख्यतः पहिलं काम करतो. जोर देण्यासाठीचा 'ओन्ली' ही भारतीय इंग्रजीची खूण म्हणून अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. आपापसात बोलताना तो खुशाल वापरा. अडचण येते ती लेखी अर्जात.

समजा, फीवरून वाद झालाय. 'मीच फी भरली' असं म्हणायचं असेल, तर 'आय पेड द फी मायसेल्फ'. 'मी फीच भरली', म्हणजे डिपॉझिट वगैरे नाही, तर 'आय पेड ओन्ली द फी'. इथे 'ओन्ली' अगदी बरोबर बसतो. आणि ऑफिस 'भरलीच नाही' म्हणत असेल, तर 'आय डिड पे द फी'. हा 'डिड' म्हणजे आपला 'भरली होतीच'. तिथे 'आय पेड द फी ओन्ली' लिहिलंत, तर समोरचा विचारेल, मग डिपॉझिटचं काय?

बाकी 'आत्ताच' म्हणजे 'जस्ट नाऊ', 'तिथेच' म्हणजे 'राइट देअर' आणि 'त्याच दिवशी' म्हणजे 'दॅट व्हेरी डे'. हा 'व्हेरी' मूळचा जुन्या फ्रेंचमधल्या 'खरा' या अर्थाच्या शब्दातून आलाय. 'टुडे इटसेल्फ' हाही आपलाच 'आजच'. बाहेरच्या माणसाला नुसतं 'टुडे' पुरतं.

'व्हेरी' आणि 'टू' यांत तर पैशांचा प्रश्न आहे. 'व्हेरी हॉट' चहा फुंकून पिता येतो, 'टू हॉट' पिता येत नाही. 'द सॅलरी इज टू गुड' म्हणजे पगार जरा जास्तच चांगला आहे, काहीतरी गडबड दिसते!

'क्वाइट' सगळ्यात फसवा. ब्रिटिश साहेब 'क्वाइट गुड' म्हणाला, तर काम बहुधा बऱ्यापैकी झालंय. अमेरिकन म्हणाला, तर चांगलंच झालंय. पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे दोघांकडेही 'अगदी अशक्य'.

'लिटरली'वर हसणारे पुष्कळ आहेत. 'लिटरली मेले' म्हणणारी जिवंत कशी, असा त्यांचा सवाल. पण नुसत्या जोरासाठी वापरलेला हा अर्थ मेरियम-वेबस्टर आणि ऑक्सफर्ड दोन्ही शब्दकोशांत आहे. रील्सवर चालू द्या.

जपायचं ते 'शुअरली'ला. आपण तो 'नक्की' म्हणून वापरतो, 'आय विल शुअरली कम' म्हणतो. ब्रिटिश कानांना मात्र 'शुअरली'त बऱ्याचदा अपेक्षा किंवा शंका ऐकू येते. 'शुअरली यू पेड?' म्हणजे 'भरलीस ना रे?' नक्की येणार असाल, तर 'डेफिनेटली' किंवा 'सर्टनली' लिहा. आणि साहेबाने 'रिपोर्ट पाठवला का?' विचारल्यावर 'ऑफ कोर्स' म्हणू नका. त्यात 'हे काय विचारणं झालं?' असा सूर लागू शकतो. 'येस, आय हॅव' पुरे.