विषाचे वजन

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. निदान तिच्याविषयी ऐकले तरी असेलच. हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांचा तो सोहळा आता पूर्वीसारखा उरलेला नाही. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज आम्हास करावयाची नाही. आम्हास बोलावयाचे आहे ते साप चावल्यावर दवाखान्यात जी कुपी उघडतात तिच्याविषयी. तिच्या तळाशी एक पांढरट, भुसभुशीत वडी असते. त्या वडीत पाणी जवळजवळ नाही, आणि तिचा सारा इतिहास या एका गोष्टीत आहे.

वाळवणे आपल्या मुलखाला कोणी शिकवावयास नको. तासगावचे बेदाणे, सांगलीची हळद, उन्हाळ्यातल्या कुरडया, सारे पाणी काढूनच टिकविलेले. मग औषध उन्हात का वाळवू नये? कारण सापाचे विष व त्यावरचे प्रतिविष ही दोन्ही मुख्यतः प्रथिने आहेत. अंड्याचा पांढरा भाग एकदा उकडला की पुन्हा पातळ होत नाही. प्रतिविषाचीही उष्णतेने तीच गत होते. बरे, पातळच ठेवावे, तर ते दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात ठेवावे लागते. जतच्या माळावर किंवा पाटणच्या डोंगरात, जिथे वीजच पोचली नव्हती, तिथे तो थंडावा आणावयाचा कोठून?

तोडगा १९०६ साली पॅरिसमध्ये दार्सोन्व्हाल व बोर्दा यांनी दाखविला. पदार्थ आधी गोठवावा, मग भोवतालची हवा काढून घ्यावी. पाऱ्याच्या साडेचार मिलिमीटरांहून दाब खाली गेला की बर्फाचे पाणी होतच नाही. कापूर ओला न होता उडून जातो तसे ते थेट वाफ होऊन जाते. अमेरिकेत फ्लॉसडॉर्फ आणि मड यांनी १९३५ च्या सुमारास ही रीत व्यवहारात आणली, आणि दुसऱ्या महायुद्धात माणसाच्या रक्तातील द्रव अशा रीतीने वाळवून रणांगणावर धाडला गेला. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष केले. तेही असेच गोठवून वाळविलेले मिळू लागले, तेव्हा खेडोपाडीच्या दवाखान्यांचा मोठाच प्रश्न सुटला.

येथवरची हकीकत औषध टिकविण्याची झाली. प्रयोगशाळेत या वाळवणीचे काम त्याहून नाजूक असते. कारखान्यातले यंत्र खोलीएवढे, प्रयोगशाळेतले टेबलावर मावणारे. ताजे विष काचेच्या चंबूत घालतात आणि चंबू फिरवीत त्याच्या भिंतीवर पातळ थर गोठवितात. मग तो यंत्रास जोडतात. पंप हवा ओढतो, आणि उणे पन्नास अंशांच्या आसपास थंड केलेल्या नळीवर निघालेली वाफ पुन्हा बर्फ होऊन चिकटते. येथे घाई उपयोगी नाही. ऊब थोडी अधिक झाली की थर वितळतो, फेस येतो आणि सारा नमुना फुकट जातो. म्हणून रात्रभर पंपाची घरघर ऐकत बसावे लागते. सकाळी चंबूत हलका चुरा उरतो, आणि तो तोलता येतो.

हे तोलणे फार मोलाचे आहे. ओल्या विषाचे वजन म्हणजे पाण्याचेच वजन. कोरडे विष तोलून, उंदरांवर चाचणी घेऊनच ठरले की १ मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे किंवा घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष मारले गेले पाहिजे. कुपी १० मिलिलिटरांची. म्हणजे घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. डॉक्टर आरंभीच आठ-दहा कुप्या का मागवितात, हे यावरून उमगेल. नातेवाइकांना ते उगाच वाटते. पण तो सरळ भागाकार आहे.

आता या हिशेबातली अडचण. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय वैद्यकीय सेवेतील जॉर्ज लॅम यांनी दाखविले होते की, फ्रान्समध्ये काल्मेत यांनी नागविषावर केलेले प्रतिविष घोणशीच्या विषापुढे चालत नाही. तेव्हा प्रश्न दोन जातींचा होता. अलीकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखविले की एकाच जातीचे विषही प्रांताप्रांतांत बदलते. आणि देशातील प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तामिळनाडूतील इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. तेथील घोणशीच्या विषावर बेतलेली कुपी कराडच्या उसातल्या घोणशीला पुरी पडते की नाही, हे येथल्याच घोणशीचे विष वाळवून, तोलून पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. साप धरण्यास सरकारी परवानगी लागते आणि हाती येणारा नमुना चिमूटभरच असतो. मण्यारीचे तर एका खेपेस सुमारे वीस मिलिग्रॅम. तेवढ्याला टेबलावरचे यंत्र पुरते.