शिक्षाकर्मी प्रकल्प

शिक्षाकर्मी प्रकल्प हा राजस्थानातील दुर्गम खेड्यांमधील बंद पडलेल्या अथवा नीट न चालणाऱ्या प्राथमिक शाळा पुन्हा सुरू करण्यासाठी इ.स. १९८७ मध्ये हाती घेण्यात आलेला शासकीय प्रकल्प होय. ज्या गावांत बाहेरून नेमलेला शिक्षक टिकत नव्हता, तेथे त्याच गावातील रहिवाशांची निवड करून, त्यांना शासकीय खर्चाने प्रशिक्षण देऊन शिक्षक म्हणून उभे करणे हे या प्रकल्पाचे मुख्य सूत्र होते. अशा शिक्षकांना ‘शिक्षाकर्मी’ म्हटले जाई. प्रकल्पासाठी राजस्थान शासन आणि परदेशी विकास साहाय्य यांतून निधी उपलब्ध होत असे. स्थानिक व्यक्तींना शिक्षक म्हणून नेमण्याच्या भारतातील अनेक पुढील योजनांवर या प्रकल्पाचा प्रभाव पडला. भारतातील अर्धशिक्षकांविषयीच्या दीर्घकाळ चाललेल्या वादातही त्याचा उल्लेख वारंवार येतो.

नाव

‘शिक्षाकर्मी’ हा हिंदी शब्द आहे. हिंदीत ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ शिक्षण असा होतो. मराठीत रूढ असलेला ‘दंड’ हा अर्थ येथे अभिप्रेत नाही. त्यामुळे ‘शिक्षणाचे काम करणारा’ असा या नावाचा अर्थ होतो. मध्य प्रदेशात आणि पुढे छत्तीसगडमध्ये पंचायतींमार्फत नेमलेल्या शिक्षकांनाही ‘शिक्षाकर्मी’ असेच नाव होते. मात्र त्यांची निवडपद्धती आणि सेवाशर्ती वेगळ्या होत्या. राजस्थानातील प्रकल्पाशी त्यांचा थेट प्रशासकीय संबंध नव्हता.

पार्श्वभूमी

राजस्थानचा पश्चिम भाग वाळवंटी असून दक्षिणेकडील उदयपूर, डुंगरपूर व बांसवाडा हा प्रदेश डोंगराळ आणि आदिवासीबहुल आहे. दोन्ही भागांत वस्त्या विखुरलेल्या आहेत. इ.स. १९९१ च्या जनगणनेनुसार सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येत राज्याचे साक्षरतेचे प्रमाण ३८.५५ टक्के, तर स्त्रियांमधील प्रमाण २०.४४ टक्के होते. त्याच जनगणनेत संपूर्ण देशाचे प्रमाण ५२.२१ टक्के होते.

अनेक खेड्यांत शाळा कागदोपत्री अस्तित्वात होती, शिक्षकाचे पदही मंजूर होते. परंतु शाळा प्रत्यक्षात भरत नसे. बहुतांश शाळा एकशिक्षकी होत्या. शिक्षक शहरातून किंवा दूरच्या गावातून येत असे. राहण्याची सोय नसे, रस्ता नसे, बोलीभाषा वेगळी असे आणि पुष्कळदा जातीचे अंतरही आड येई. बदली मिळेपर्यंत शिक्षक अधूनमधून हजेरी लावत आणि तो आला नाही की शाळा बंद राही. ही अडचण केवळ राजस्थानपुरती नव्हती. उत्तर भारतातील प्राथमिक शिक्षणावर इ.स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोब’ अहवालाच्या पाहणीतही, पाहणीपथकाने भेट दिली त्या वेळी सुमारे निम्म्या शाळांमध्ये अध्यापन सुरू नसल्याचे आढळले होते.

या प्रश्नावरील एक उत्तर अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे आकाराला आले. संजित (बंकर) रॉय यांनी इ.स. १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘सामाजिक कार्य व संशोधन केंद्र’ या संस्थेने, म्हणजेच पुढे ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने, सत्तरच्या दशकात गावातील थोडेफार शिकलेल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन शाळा चालवण्याचा प्रयोग केला. दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळाही भरवल्या गेल्या. औपचारिक पात्रता कमी असली, तरी गावातच राहणारी व्यक्ती नियमित आधार मिळाल्यास प्राथमिक वर्ग चालवू शकते, असा या प्रयोगाचा निष्कर्ष होता. याच अनुभवाच्या आधारे राज्य पातळीवरील प्रकल्पाची आखणी झाली.

प्रशासन व निधी

प्रकल्प राबवण्यासाठी ‘राजस्थान शिक्षाकर्मी बोर्ड’ ही स्वायत्त संस्था जयपूर येथे स्थापन करण्यात आली. शिक्षण खात्याच्या नेहमीच्या यंत्रणेपेक्षा वेगळी आणि निर्णयास मोकळी अशी संस्था असावी, हा त्यामागील हेतू होता. प्रशिक्षणाची आखणी व शैक्षणिक साहाय्य यांची जबाबदारी मुख्यत्वे जयपूरच्या ‘संधान’ या स्वयंसेवी संस्थेकडे होती. तालुका पातळीवर पंचायत समित्या आणि स्थानिक स्वयंसेवी संस्था सहभागी होत.

निधीची व्यवस्था तीन टप्प्यांत बदलत गेली. पहिल्या टप्प्यात (इ.स. १९८७ ते १९९४) खर्चाचा ९० टक्के भाग स्वीडनच्या ‘सिडा’ या विकास साहाय्य संस्थेने आणि १० टक्के भाग राजस्थान शासनाने उचलला. दुसऱ्या टप्प्यात (इ.स. १९९४ ते १९९८) दोघांचा वाटा निम्मा-निम्मा झाला. मे १९९८ मधील पोखरण येथील अणुचाचण्यांनंतर स्वीडनने भारताशी असलेला विकास-सहकार्य करार संपुष्टात आणला. त्यानंतर इ.स. १९९९ पासून ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास विभागाने निम्म्या खर्चाचा भार स्वीकारला आणि तिसरा टप्पा सुरू झाला.

शिक्षाकर्मींची निवड

पंचायत समितीच्या संमतीने शाळा बंद असलेले अथवा दीर्घकाळ अनियमित असलेले गाव निवडले जाई. त्यानंतर गावात सभा होऊन प्रकल्पाची माहिती दिली जाई आणि इच्छुकांची नावे मागवली जात. उमेदवार त्याच गावचा रहिवासी असणे ही मूलभूत अट होती. पुरुषांसाठी किमान आठवी आणि स्त्रियांसाठी किमान पाचवी उत्तीर्ण अशी पात्रता ठेवण्यात आली होती. सर्वसाधारणपणे प्रत्येक शाळेसाठी दोन शिक्षाकर्मी नेमले जात, जेणेकरून एकाच्या गैरहजेरीत शाळा बंद राहू नये. शक्य तेथे त्यांपैकी एक स्त्री असावी, असे धोरण होते.

नियमित शिक्षकासाठी आवश्यक असलेली शालान्त परीक्षा व अध्यापनाची पदविका या दोन्ही अटी येथे शिथिल केल्या होत्या. शिक्षाकर्मींना वेतनश्रेणीऐवजी मानधन मिळे आणि ते शासकीय सेवेतील कायम कर्मचारी मानले जात नसत.

प्रशिक्षण

औपचारिक पात्रतेतील उणीव दीर्घ आणि अखंड प्रशिक्षणाने भरून काढणे हा प्रकल्पाचा गाभा मानला जातो. निवड झाल्यावर शिक्षाकर्मींना काही आठवड्यांचे निवासी प्रशिक्षण घ्यावे लागे. त्यात प्राथमिक वर्गांना शिकवण्याच्या पद्धतींबरोबरच भाषा, गणित व परिसर अभ्यास या विषयांचे त्यांचे स्वतःचे ज्ञान पक्के करण्यावर भर असे. आठवी शिकलेल्या व्यक्तीस अपूर्णांक किंवा भागाकार शिकवायचा, तर आधी तो तिला नीट समजला पाहिजे, ही या अभ्यासक्रमामागील व्यावहारिक जाणीव होती.

पहिल्या प्रशिक्षणानंतर दरवर्षी उजळणी शिबिरे होत आणि दरमहा बैठका भरत. बैठकीत शिक्षाकर्मी वर्गातील अडचणी मांडत आणि पुढील पाठांची तयारी करत. एकाच खोलीत वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना कसे शिकवावे, हा या चर्चांमधील नित्याचा विषय होता. ‘सहयोगी’ म्हणून नेमलेले अनुभवी शिक्षक शाळांना भेटी देत. चुका नोंदवणाऱ्या निरीक्षकाऐवजी मार्गदर्शक म्हणून त्यांनी काम करावे, अशी अपेक्षा होती.

स्त्री शिक्षाकर्मी व महिला प्रशिक्षण केंद्रे

अनेक गावांत पाचवी उत्तीर्ण झालेली एकही स्त्री उपलब्ध नसे. म्हणून कमी शिकलेल्या स्त्रियांना आवश्यक पातळीपर्यंत शिकवून मग शिक्षाकर्मी म्हणून तयार करणारी निवासी ‘महिला प्रशिक्षण केंद्रे’ सुरू करण्यात आली. विवाहित स्त्रियांना लहान मुलांसह तेथे राहता येई. पडदा पाळणाऱ्या कुटुंबांतील स्त्रीने घराबाहेर राहून शिकणे आणि गावात परत येऊन शिकवणे, यासाठी सासर व माहेर अशा दोन्ही घरांची संमती मिळवावी लागे.

एवढे प्रयत्न होऊनही एकूण शिक्षाकर्मींमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत फारच कमी राहिले. मुलींच्या शिक्षणावर याचा परिणाम होत असल्याने ही प्रकल्पाची एक महत्त्वाची मर्यादा मानली जाते.

शाळांचे प्रकार

दिवसशाळा: नेहमीच्या वेळेत भरणाऱ्या या शाळा बंद पडलेल्या शासकीय शाळेच्या जागी किंवा तिला जोडून चालत.

प्रहर पाठशाला: गुरे राखणे, शेती किंवा घरकाम यांमुळे दिवसा येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या सोयीच्या वेळी, बहुधा संध्याकाळी, या शाळा भरत. त्यांची जबाबदारीही शिक्षाकर्मींकडेच असे.

आंगन पाठशाला: शाळेपर्यंत जाऊ न शकणाऱ्या मुलींसाठी वस्तीतील एखाद्या घराच्या अंगणात स्त्री शिक्षाकर्मी हे वर्ग घेत.

काही ठिकाणी मुलींना घरून शाळेत आणण्या-नेण्यासाठी ‘महिला सहयोगी’ नेमल्या जात.

विस्तार

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रकल्पाअंतर्गत अडीच हजारांहून अधिक दिवसशाळा आणि चार हजारांहून अधिक प्रहर पाठशाला चालत होत्या. शिक्षाकर्मींची संख्या सहा हजारांच्या वर गेली होती आणि सुमारे दोन लाख मुले या शाळांत शिकत होती. इ.स. १९९२ मध्ये राजस्थानात सुरू झालेल्या ‘लोकजुंबिश’ या प्राथमिक शिक्षणाच्या व्यापक कार्यक्रमालाही शिक्षाकर्मी प्रकल्पाच्या अनुभवाचा उपयोग झाला.

इतर राज्यांतील योजना

स्थानिक व्यक्तीला मानधनावर शिक्षक नेमण्याची कल्पना नव्वदच्या दशकात अनेक राज्यांनी स्वीकारली. मध्य प्रदेशाने १ जानेवारी १९९७ पासून ‘शिक्षा गॅरंटी योजना’ सुरू केली. एक किलोमीटरच्या परिसरात शाळा नसलेल्या वस्तीत किमान ४० मुले (आदिवासी भागात २५) असल्यास आणि पालकांनी मागणी केल्यास ९० दिवसांच्या आत शिक्षण-सुविधा पुरवण्याची हमी त्यात होती. या शाळांतील स्थानिक शिक्षकास ‘गुरुजी’ म्हणत. उत्तर प्रदेशात इ.स. १९९९ मध्ये ‘शिक्षामित्र’ योजना आली.

महाराष्ट्रात शाळेपासून दूर असलेल्या वाड्या, पाडे व तांडे यांच्यासाठी ‘वस्तीशाळा’ सुरू करण्यात आल्या आणि त्यांत स्थानिक सुशिक्षित तरुण-तरुणींना मानधनावर नेमण्यात आले. त्यांना पुढे ‘निमशिक्षक’ म्हटले जाऊ लागले. कालांतराने वस्तीशाळांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले आणि प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या निमशिक्षकांना नियमित सेवेत घेण्यात आले. महाराष्ट्रातीलच ‘शिक्षणसेवक’ योजना मात्र वेगळी आहे. शिक्षणसेवक हा अध्यापनाची पदविका वा पदवी घेतलेला उमेदवार असतो. त्याला सुरुवातीची काही वर्षे मानधनावर काम करावे लागते. तो त्याच गावचा रहिवासी असण्याची अट नसते.

मूल्यमापन व टीका

समर्थकांच्या मते या प्रकल्पाने शिक्षकाच्या पात्रतेत गावातील वास्तव्याला प्रथम स्थान दिले. गावात राहणारा शिक्षक रोज शाळेत येतो, मुलांची बोली जाणतो, शाळेत न येणाऱ्या मुलाच्या घरी जाऊन विचारणा करू शकतो आणि पालकांना उत्तरदायी असतो. शाळा नियमित भरू लागल्यामुळे पटनोंदणी व उपस्थिती वाढली, हा प्रकल्पाचा सर्वाधिक मान्य झालेला परिणाम आहे.

टीकाकारांचे आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला आक्षेप समतेचा आहे. ज्या मुलांना चांगल्या शिक्षकाची सर्वाधिक गरज असते, त्याच गरीब व आदिवासी मुलांच्या वाट्याला कमी शिकलेला आणि कमी वेतनाचा शिक्षक येतो. दुसरा आक्षेप सेवाशर्तींचा आहे. नियमित शिक्षकाइतकेच काम करणाऱ्या व्यक्तीस अनिश्चित काळ मानधनावर ठेवणे अन्यायकारक असून त्यामुळे शिक्षकी पेशाची प्रतिष्ठा घटते, असे सांगितले जाते. कृष्णकुमार, मनीषा प्रियम व साधना सक्सेना या शिक्षणतज्ज्ञांनी इ.स. २००१ मध्ये अर्धशिक्षकांच्या धोरणावर अशा स्वरूपाची टीका केली.

या वादात एक भेद महत्त्वाचा ठरतो. मूळ शिक्षाकर्मी प्रकल्पात कमी पात्रतेची भरपाई करण्यासाठी प्रशिक्षण, मासिक बैठका आणि मार्गदर्शन यांवर सातत्याने खर्च केला जात होता. पुढील अनेक योजनांनी स्थानिक नेमणूक व कमी मानधन हे भाग उचलले. प्रशिक्षणाला मात्र तितके महत्त्व दिले नाही. त्यामुळे अशा योजनांचे अपयश मूळ कल्पनेचे मानावे की तिच्या अपुऱ्या अनुकरणाचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

शिक्षण हक्क कायद्यानंतर

‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ नुसार शिक्षकांसाठी किमान पात्रता ठरवण्याची तरतूद झाली आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने ऑगस्ट २०१० मध्ये ती अधिसूचित केली. नव्या नेमणुकीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही आवश्यक ठरली. सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवण्यासाठी पाच वर्षांची मुदत होती, इ.स. २०१७ मधील दुरुस्तीने ती ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे आठवी किंवा पाचवी उत्तीर्ण व्यक्तीस नव्याने शिक्षक म्हणून नेमण्याचा मार्ग बंद झाला.

आधीच काम करत असलेल्यांचा प्रश्न मात्र न्यायालयांपर्यंत गेला. उत्तर प्रदेशातील एक लाखाहून अधिक शिक्षामित्रांना सहायक शिक्षक म्हणून कायम करण्याचा निर्णय किमान पात्रतेच्या अटीमुळे टिकू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०१७ रोजी दिला. राजस्थानातील शिक्षाकर्मीही दीर्घकाळ सेवेत कायम करण्याची मागणी करत राहिले. इ.स. २०२२ मध्ये राज्य शासनाने कंत्राटी नियुक्तीचे नवे नियम लागू केले आणि शिक्षाकर्मींचा त्यांत समावेश केला.

हे सुद्धा पहा

बेअरफूट कॉलेज
लोकजुंबिश
सर्व शिक्षा अभियान
वस्तीशाळा
शिक्षण हक्क कायदा