शब्दवेध : बॉक

बव्हेरियातील सरोवरकाठच्या एखाद्या विश्रामस्थळी, जेथे बीअर तेथल्या तेथेच सिद्ध होते आणि चवीपुरत्या लहान पेल्यांतून पाहुण्यांपुढे ठेवली जाते, तेथे माल्टचा गोडवा असलेली, साधारण ६ ते ७ टक्के मद्यार्काची ‘बॉक’ हाती आली की तिच्या चित्रातील शिंगे उगारलेला बोकड पाहून आगंतुक बुचकळ्यात पडतो. जर्मनमध्ये ‘बॉक’ म्हणजे बोकडच. परंतु या पेयाच्या वंशावळीत तो प्राणी कोठेच आढळत नाही.

उत्तरेकडील आइनबेक नगराच्या बीअरची ख्याती बव्हेरियाच्या दरबारी पोहोचली होती. आयातीचा खर्च खजिन्यास जाचू लागल्याने ड्यूक विल्हेल्म पाचवा याने १५८९ साली म्युनिकमध्ये होफब्रॉयहाउस हा स्वतःचा सरकारी कारखाना काढला आणि पुढे त्याच्या वारसाच्या अमदानीत खुद्द आइनबेकचाच कारागीर चाकरीस आला. दक्षिणी जिभेवर ‘आइनबेक’चे ‘आइनबॉक’ झाले, आणि ‘आइन’ म्हणजे ‘एक’ असल्यामुळे लोकांनी गावाचे नाव फोडून त्यातून एक बोकड काढला. आपल्या बोकडाशी त्याची सोयरीक जुळवण्याचा मोह मराठी माणसास होईल. तथापि निव्वळ ध्वनिसाम्य व्युत्पत्तीच्या दप्तरी दाखल करून घेतले जात नाही. मद्यकारांनी मात्र कोणतीही तक्रार न करता त्या बोकडास बाटलीवरची जागा वंशपरंपरागत इनाम म्हणून देऊन टाकली.