लोरेन्झो होमार : कोरणी आणि अक्षर

सोन्यावर वेलबुट्टी कोरणाऱ्या कारागिराचा हात आणि खेड्यांतील निरक्षर शेतकऱ्याचा डोळा यांची गांठ कलेच्या इतिहासांत क्वचितच पडते. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर १९५० नंतर ती पडली, आणि ती घालून देणाऱ्यांत लोरेन्झो होमार याचें नांव अग्रभागीं आहे.

होमारचा जन्म १९१३ सालीं सान हुआन या राजधानींत झाला. १९२८ सालीं कुटुंब न्यूयॉर्कला गेलें. तेथें १९३७ पासून तो कार्तिए या प्रख्यात जवाहिऱ्यांच्या पेढीवर काम करूं लागला. दुसऱ्या महायुद्धांत शिपाई म्हणून पॅसिफिकच्या रणांगणावर जाऊन आल्यावर तो ब्रुकलिन म्यूझियमच्या कलाशाळेंत शिकला, आणि १९५० सालीं मायदेशीं परतला.

बेटावर तेव्हां नवें वारें वाहत होतें. लोकांनीं प्रथमच निवडलेला गव्हर्नर लुईस मुन्योस मारीन याच्या कारकीर्दींत, १९४९ सालीं, लोकशिक्षणाचें एक खातें निघालें होतें. डोंगरी खेड्यांत फिरता चित्रपट न्यावा, त्याचीं भित्तिपत्रकें लावावीं, सचित्र पुस्तिका वांटाव्या, असा त्याचा क्रम. चित्रविभाग आयरीन डिलॅनो या चित्रकर्तीनें उभारला. १९५२ सालीं त्याचीं सूत्रें होमारकडे आलीं.

हीं भित्तिपत्रकें रेशमी कापडांतून छापीत. लांकडी चौकटीवर कापड ताणावयाचें, नको तेवढा भाग बुजवावयाचा, आणि रबराच्या पट्टीनें शाई दाबून खालच्या कागदावर उतरवावयाची. सामान्यतः जितके रंग तितक्या वेळां ही कृति. मोठ्या यंत्राची जरूर नाहीं, परंतु हाताची एक चूक झाली कीं ती शेंकडों वेळां छापली जाते! या साध्या कामांत होमारनें पेढीवरची शिस्त आणली. अक्षरें हीं चित्राखालची पाटी नव्हेत, चित्राचेंच अंग होत, हा त्याचा कटाक्ष. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला अक्षर ही प्रथम एक आकृतीच असते. ती देखणी असेल तर तो तिच्यापाशीं क्षणभर थांबेल, एवढें तरी खरें.

राफाएल तुफिन्यो या सहकाऱ्यासह त्यानें 'प्लेना' नांवाच्या लोकगीतांवर लिनोलियमचे ठसे कोरले. तो संच १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. प्लेना म्हणजे कामकऱ्यांच्या वस्तींतलें गायिलेलें वर्तमानपत्रच : गांवची भानगड, संप, वादळ, सारें तिच्यांत येतें. येथें चित्र, गीताचे शब्द आणि स्वरलिपि यांची सांगड आहे, आणि अशा ठशावर अक्षरें उलटीं कोरावीं लागतात. चित्रकथेपासून हें पान फार दूर नाहीं.

१९५७ सालीं सरकारी संस्कृति-संस्थेनें छापचित्रांची शाळा काढली. तिचा तो १९७३ पर्यंत प्रमुख होता. शिक्षण उमेदवारीचें. आंतोनियो मार्तोरेल, होसे रोसा हे पुढें नांवारूपास आलेले चित्रकार त्याच्याच हाताखालीं तयार झाले.

नोकरी सरकारी, मतें मात्र स्वातंत्र्याचीं! १९५२ सालीं बेटाला अंतर्गत स्वायत्तता मिळाली, पण सार्वभौमत्व अमेरिकेचेंच राहिलें, आणि होमारला तें मान्य नव्हतें. १९७० सालीं त्याच्या व्यंगचित्रांचें पुस्तक निघालें. त्याचें नांव 'आकी एन ला लूचा', म्हणजे 'येथें, लढ्यांत'. त्यानंतरहि तीन वर्षें तो त्याच संस्थेंत उमेदवारांना शिकवीत होता.