सांदणच्या दोराची कुळकथा

अंतरवाली सराटीकडे दोर धरून खाली उतरायचं ते विहिरीत. मोटर अडकली, गाळ काढायचा झाला किंवा शेळी पडली की एक जण कमरेला दोरखंड बांधून उतरतो आणि काठावर चौघं पाय रोवून उभे राहतात. पैसे मोजून, बायकापोरांना घेऊन, हौसेने दरीत उतरतात असं अंबड तालुक्याच्या त्या काळ्या रानात सांगितलं, तर ऐकणारा आधी आपल्याकडे नीट बघेल. पण हे घडतं, आणि अगदी परक्या मुलखातही नाही. प्रवरा रतनगडावर उगवते, गोदावरीला मिळते आणि नाथसागर जलाशयातून डाव्या कालव्याने अंबडकडेही पोचते. त्याच रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावापाशी, सांदणची दरी आहे. तिचं पाणी मात्र उलट्या दिशेने कोकणात जातं.

दरीत शिरून, डोह ओलांडून, कडे दोराने उतरून खालच्या तोंडाने बाहेर पडायचं, याला जगभर कॅनियनिंग म्हणतात. त्याचं मूळ युरोपात सापडतं. फ्रान्समधल्या शामोनीचा वाटाड्या झाँ शार्ले 1876 साली पती द्रू या सुळक्यावर एकटाच गेला. माथा हुकला, पण खाली तर यायचंच होतं. दोर दुहेरी करून खडकाला वळसा द्यायचा, दोन्ही पदर धरून उतरायचं आणि खाली पोचलं की एक टोक ओढून दोर काढून घ्यायचा, ही युक्ती त्याच्या नावावर जमा आहे. 1879 मध्ये त्याने तो माथाही गाठला.

दोर दरीत नेला तो पाण्याच्या मागावर निघालेल्यांनी. एदुआर मार्तेल हा पेशाने वकील, पण जीव जमिनीखालच्या नद्यांत. 1888 मध्ये ब्रामाब्यो इथे तो जमिनीत गडप होणाऱ्या ओढ्याबरोबर आत शिरला आणि पलीकडून बाहेर आला. 1905 मध्ये पाण्याच्या पाहणीसाठी त्याने दक्षिण फ्रान्समधली व्हर्दों नदीची प्रचंड घळ पार केली. सोबतीला इझिदोर ब्लाँ नावाचा जवळच्याच गावचा शिक्षक होता. आज तिथल्या पायवाटेला ‘ब्लाँ-मार्तेल’ म्हणतात. स्थानिक सोबत्याचं नाव साहेबाच्या आधी लागलेलं मी तरी फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

पुढे स्पेनच्या ग्वारा डोंगररांगेत या खेळाला कौटुंबिक रूप आलं. तिथल्या घळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ल्युसियाँ ब्रिए या फ्रेंच माणसाने पालथ्या घातल्या होत्या. 1990 मध्ये ती रांग निसर्ग उद्यान झाली. आता तिथे नवखे लोक आणि मुलं रबरी पोशाख चढवून, मार्गदर्शकाच्या मागोमाग डोहात उड्या टाकतात.

आपल्याकडे दोर आला तो गिर्यारोहणाच्या वाटेने. 1954 साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ ही गिर्यारोहकांची संस्था स्थापन झाली. हिमालयात शिकून आलेल्या पोरांनी सह्याद्रीच्या कड्यांवर पुढच्या पोरांना रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, शिकवलं. मात्र युरोपात एकत्र असलेला खेळ इथे दोन तुकड्यांत फुटला. पावसाळ्यात कसाऱ्याजवळच्या विहीगावला किंवा भिवपुरीला धबधब्याच्या कडेने एकच टप्पा उतरायचा आणि पाणी ओसरल्यावर सांदणसारखी आख्खी दरी. कारण उघड आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस तासाभरात ओढ्याचं रूप पालटतो आणि घळीत सापडलेल्याला बाजूला सरकायला जागाच नसते. 27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटबाखमध्ये असाच लोंढा आला आणि 21 जण गेले. धोकादायक साहसी खेळांवरचा स्विस कायदा त्यानंतरच्या चर्चेतून झाला. महाराष्ट्र सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये जाहीर केलं.

सांदण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी’ अशी तिची जाहिरात होते. ही मोजणी कुणी केली, कुणास ठाऊक. तशा बिरुदाची तिला गरजही नाही. बेसॉल्टच्या दोन उभ्या भिंती, वर आभाळाची चिंचोळी पट्टी आणि पायाखाली घराएवढाल्या धोंड्यांचा खच. सुरुवातीच्या डोहांत पाणी हंगामाप्रमाणे कधी गुडघ्याला, कधी छातीला लागतं. मग चाळीस-पन्नास फुटांचा कडा येतो आणि नवख्याची वाचा बसते.

इथे विहिरीच्या काठावरचे ते चौघं आठवावेत. त्यांचं काम आता घर्षण करतं. कमरेच्या हार्नेसला अडकवलेल्या डिसेंडर या उपकरणातून दोर वळसा घेऊन जातो, त्यामुळे दहा वर्षांची पोरगीही स्वतःचं वजन एका हाताने आवरू शकते. तिला ‘दोराला मिठी मारू नको, मागे झुक’ एवढंच सांगतात. अवघड तेवढंच असतं. वरून दुसऱ्या दोराने बिले, म्हणजे वेगळा आधार, दिलेला असतो. शिवाय खाली एक जण उतरायच्या दोराचं टोक धरून उभा असतो. तिचा हात सुटलाच, तर तो दोर खाली ताणतो आणि ती जागच्या जागी थांबते.

हा सगळा सरंजाम आयात आहे. वाट मात्र साम्रदकरांची. कुठला धोंडा डुगडुगता आहे, डोहाची कुठली कड उथळ आहे, मागच्या पावसाने काय हललं, हे त्यांनाच ठाऊक असतं. शहरातला आयोजक दोर आणि हेल्मेट पुरवतो, बहुतेक पैसेही त्याच्याच खिशात जातात. हे मला पटत नाही.

जायचं असेल तर डिसेंबर ते मे या काळात जा. दुसरा दोर लावणार का, खाली टोक कोण धरणार, हे आयोजकाला निघण्याआधी विचारा. गावातला वाटाड्या सोबत घ्या, त्याची मजुरी ठरवा आणि ती त्याच्याच हातात द्या.